दिवस कुठून मोजले

कयूम मास्तरांच्या बैठकीत सोफ्याच्या वर एक तक्ता टांगलेला होता, आणि सून म्हणून त्या घरात आल्यापासून तहसीनचं त्या तक्त्याशी कधी पटलं नाही. तक्ता छापील, रंगीत, हैदराबादहून मागवलेला. आईच्या पोटात बाळ कसं घडतं त्याची चित्रं ओळीने काढलेली. प्रत्येक चित्राखाली कुराणातली आयत, आयतीखाली उर्दू तर्जुमा आणि सगळ्यात खाली विज्ञान काय म्हणतं ते. आधी थेंब, मग चिकटून राहिलेला रक्ताचा गोळा, मग चावल्यासारखा दिसणारा मांसाचा तुकडा, मग हाडं, मग हाडांवर चढलेलं मांस. मास्तर उर्दू शाळेचे हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. घरी आलेल्या माणसाला चहा मिळो न मिळो, तक्ता मिळायचाच. सिलिंडरवाल्यालासुद्धा त्यांनी एकदा पंधरा मिनिटं उभं करून समजावलं होतं, आणि तो बिचारा रिकामं सिलिंडर खांद्यावर घेऊन मान हलवत राहिला.

"चौदाशे सालापयले सांगेल आहे हे," मास्तर म्हणत. "तवा कुठी होती तुमची सोनोग्राफी?"

तहसीन अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होती. म्हणजे सासऱ्यांच्या दृष्टीने अर्धी घरची आणि अर्धी विरोधी पक्षातली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ती बोलून गेली, की अब्बाजी, हाडं आधी आणि मांस मागून असं नसतं, दोन्ही बरोबरच तयार होतात. मास्तरांनी दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, की आयतीचा अर्थ समजायला मीच कमी पडत असेन, आयत कमी पडत नाही. मग मागून चहा घेतला, वर साखर कमी आहे म्हणून तक्रारही केली.

उत्क्रांतीच्या धड्यावरून तर त्यांची दर वर्षी ठरलेली चकमक व्हायची. "तू पोराईले माकडं शिकव, मी काही म्हनत नाही," मास्तर म्हणायचे. "पन आदमले सोड. त्याले अल्लानं मातीपासून घडवलं. काळ्या, सडेल गाऱ्यापासून. म्हंजे वऱ्हाडचीच माती असन ती, दुसरीकडं कुठी आहे इतकी काळी?"

"अब्बाजी, पेपरात आदम येत नाही," ती म्हणायची. "माकड येतं. चार मार्काले."

यावर म्हातारा मनापासून हसायचा. घरात सासूबाई नव्हत्या, चार वर्षांपूर्वी गेलेल्या. नवरा इर्शाद दिवसभर आपल्या मेडिकल स्टोअरमध्ये. त्यामुळे भांडायला या दोघांना एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, आणि दोघांना त्याची सवय झाली होती.

एका गोष्टीवर मात्र सासरा-सुनेचं एकमत होतं. मास्तर सांगत, चाळीस दिवस थेंब, चाळीस दिवस गोळा, चाळीस दिवस मांसाचा तुकडा. एकशे वीस दिवस झाले की फरिश्ता येतो आणि त्यात रूह, म्हणजे आत्मा, फुंकतो. तिथून पुढे तो माणूस. तहसीन म्हणे, रूहबद्दल विज्ञान काहीच म्हणत नाही. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. तिथे आमचं पुस्तक संपतं. मास्तरांना हे वाक्य फार आवडायचं. सून हुशार आहे असं ते लोकांना सांगत, तेव्हा पुरावा म्हणून हेच वाक्य सांगत.

लग्नाच्या सातव्या वर्षी तहसीनला दिवस गेले. मास्तरांनी मोहल्ल्यात पेढे वाटायला निघावं आणि इर्शादने त्यांना दारातून परत आणावं, असं दोनदा झालं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी ती इर्शादबरोबर मोठ्या सोनोग्राफीला गेली. डॉक्टर प्रमोदिनी म्हणजे बोलका कारभार. जेल लावता लावता त्या स्वतःच्या सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. सांगता सांगता त्या गप्प झाल्या, आणि पोटावरचा तो यंत्राचा दांडा एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरायला लागला, तेव्हाच तहसीनला कळलं. काय ते कळलं नाही, पण कळलं.

नंतर डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून कागदावर एक गोल काढला आणि त्याचा वरचा भाग पुसून टाकला. "डोळ्यांच्या वर काही नाही," त्या म्हणाल्या. "कवटी झालेलीच नाही. मेंदूही जवळजवळ नाहीच. तू बायोलॉजीची आहेस, तुला जास्त काय सांगू. पोटात आहे तोवर हृदय चालेल. जन्मलं तर काही मिनिटं, काही तास. यावर इलाज नाही." मग म्हणाल्या, "पिशवी आत्ता रिकामी करता येते. कायदा आड येत नाही. पण ठरवायचं तर लवकर ठरवा. आणि ठरवायचं तुम्हीच."

इर्शादने विचारलं, फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तर वेळेवर दिल्या होत्या, मीच दुकानातून आणायचो. डॉक्टर म्हणाल्या, तुमची चूक नाही. तहसीनने विचारलं, पावती काउंटरवरच मिळेल ना. तिला खरोखर पावतीच हवी होती. त्या वेळी तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घरी येऊन तिने संध्याकाळच्या वरणाची डाळ भिजत घातली. रिपोर्ट मास्तरांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. इंग्रजी त्यांना बरं यायचं. गर्भाचं वय अठरा आठवडे एक दिवस, असं लिहिलं होतं. मास्तरांनी लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलीने शाळेत मांडावं तसं गणित मांडलं. अठरा साते एकशे सव्वीस, आणि एक. आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"एकशे वीस होऊन गेले," ते म्हणाले. आवाज अगदी लहान होता. "पन आपन कोन ठरवनारे? अमरावतीच्या मुफ्तीसाहेबाईले इचारू. उद्याच जा, इर्शाद. ते जे म्हनतीन ते."

बुधवारी इर्शाद सकाळच्या एसटीने अमरावतीला गेला. तहसीनने रजा टाकली होती. दुपारी ती ओट्याशी बसून मेथी निवडत होती. मास्तर बैठकीत तसबीहची माळ घेऊन बसले होते. फोन वाजला.

"मी मुफ्तीसाहेबाईच्या समोरच बसलो आहे," इर्शाद म्हणाला. "ते इचारून राहिले, हे दिवस कुठून मोजले? हमल ठहरला तवापासून, का आखरी पाळीपासून? ते म्हनतात, डॉक्टर लोक पाळीपासून मोजतात, त्याच्यानं दोन हप्त्याचा फरक पडते. बाईले पक्कं इचारून घ्या म्हनतात."

मौलवी लोकांना विज्ञानातलं काय कळतं, असं म्हणणारी शहाणी माणसं अकोल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हा प्रश्न ऐकायला हवा होता. जो प्रश्न विचारायला हवा होता, तो नेमका त्या माणसाने विचारला होता.

"ठहरल्यापासून," तहसीन म्हणाली.

"ठहरल्यापासून?" इर्शादने विचारलं.

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. तिने उरलेली मेथी निवडली. काड्या वेगळ्या केल्या, पानं धुऊन चाळणीत ठेवली.

संध्याकाळी इर्शाद परत आला आणि त्याने मुफ्तीसाहेबांचं म्हणणं सांगितलं. एकशे वीस दिवस झालेले नसते, तर अशा आजारात इजाजत देता आली असती. आता रूह पडली आहे. आईच्या जिवाला धोका असेल तरच, एरवी नाही. सब्र करा. मुफ्तीसाहेब उठून फाटकापर्यंत आले होते, आणि दुआसाठी बाईचं नाव काय म्हणून विचारून घेतलं होतं, हेही त्याने सांगितलं. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर ते नमाजाआधीचा वजू करायला उठले, आणि मोरीतला नळ बराच वेळ चालू राहिला.

त्यानंतरचे दिवस तहसीनला नीटसे आठवत नाहीत, आणि आठवण्यासारखं त्यात फारसं नव्हतंही. ती कॉलेजात जायची, शिकवायची, परत यायची. जेवणाला चव लागत नव्हती, पण ती जेवायची. लोक पोटाकडे बघून हसायचे, तीही हसायची. बसमध्ये बाया उठून जागा द्यायच्या आणि कितवा म्हणून विचारायच्या, ती सांगायची. रडू आलं नाही. आपल्याला रडू येत नाही याचंही तिला काही वाटलं नाही. पोटात हालचाल सुरू झाली तेव्हा ती वर्गात मज्जासंस्था शिकवत होती. मेंदूशिवायही हात-पाय हलू शकतात, ते काम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून होतं, हे वाक्य तिने पूर्ण केलं, मग खुर्चीवर बसली आणि मुलांना आकृती काढायला सांगितली.

बैठकीतला तक्ता एक दिवस जागेवर नव्हता. त्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन राहिला होता. मास्तरांनी तो कधी काढला, कुठे ठेवला, हे कोणी विचारलं नाही. आलेल्या माणसाला ते आता फक्त चहा द्यायचे. उत्क्रांतीचा धडा त्या वर्षीही आला आणि गेला. आदमबद्दल कोणी एक शब्द काढला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या घरात त्या वर्षी सगळ्यात वाईट काही असेल तर ती शांतता होती.

कॉलेजात रसायनशास्त्राची रागिणी होती, आणि खरं काय ते तिथे फक्त तिला माहीत होतं. शेतकऱ्याच्या घरची पोर, जिभेला हाड नाही, पण जीव लावणारी. तिने एकदा स्टाफरूममध्ये तहसीनला धरलंच.

"काहून करून राहिली तू हे?" ती म्हणाली. "तू सायन्सवाली ना? उद्या आपल्याच हातानं त्याले मातीत ठेवाचं, त्याच्यासाठी नऊ महिने वागवतं? मुफ्तीच्या पोटात आहे का ते?"

"त्यांची चूक नाही," तहसीन म्हणाली.

"मग कोनाची आहे?"

तहसीनने डबा उघडला आणि तिला पोळी दिली. रागिणीने ती खाल्ली, आणि खाताना तिच्याच डोळ्यात पाणी आलं. तहसीन तिच्याकडे बघत राहिली.

ऑक्टोबरात पहिल्या सत्राच्या पेपरांचा गठ्ठा घरी आला. रविवार होता. तहसीन बैठकीत जमिनीवर, पाठीला उशी लावून पेपर तपासत बसली. प्रजननाच्या धड्यावर तिनेच प्रश्न काढला होता, की गर्भावधी कसा मोजतात आणि बाळंतपणाची तारीख कशी काढतात. निधी नावाच्या मुलीचा पेपर हातात आला. निधी वर्गात पहिली-दुसरी येणारी. तिने लिहिलं होतं, की डॉक्टर गर्भाचं वय गर्भधारणेच्या दिवसापासून मोजतात. तहसीनने त्या ओळीखाली लाल रेघ मारली. बाजूला दुरुस्ती लिहिली, की शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. अर्धा मार्क कापला, पान उलटलं, आणि तिचा हात थांबला.

तिने पान परत मागे केलं. आपलंच लाल अक्षर वाचलं.

मग ती मोजायला लागली. कागदाची गरज नव्हती. इर्शाद अमरावतीला गेला तो दिवस रिपोर्टच्या हिशेबाने एकशे अठ्ठाविसावा. त्यातून चौदा गेले, एकशे चौदा. म्हणजे त्या दुपारी रूह पडलेली नव्हती. अजून सहा दिवस होते. मुफ्तीसाहेबांनी इजाजत दिली असती. ती शुक्रवारी दवाखान्यात गेली असती आणि शनिवारी परत आली असती.

आणि आता दोन्ही हिशेबांनी दार बंद झालं होतं.

पहिल्यांदा तिने स्वतःला सांगितलं, की चूक झाली. डोकं ठिकाणावर नव्हतं. सात वर्षं दर जुलैत फळ्यावर खडूची आडवी रेघ ओढून चौदाव्या दिवसावर फुली मारणारी बाई, दुःखात एक साधी गोष्ट विसरली. कोणीही समजून घेतलं असतं. पण तहसीनला खोटं फार वेळ टिकवता येत नसे, निदान स्वतःशी तरी नाही. ती मेथीची दुपार तिला लख्ख आठवत होती. इर्शादने प्रश्न विचारला, आणि तिच्या डोळ्यांसमोर तोच फळा आला होता. ती रेघ, ती फुली, सगळं. उत्तर तिला माहीत होतं. माहीत असून ती दुसरं बोलली.

कारण खरं उत्तर दिलं असतं, तर मुफ्तीसाहेब म्हणाले असते, इजाजत आहे. आणि मग इर्शादने विचारलं असतं, मग करायचं का? आणि तिला आपल्या तोंडाने हो म्हणावं लागलं असतं. सात वर्षांनी आलेल्या लेकराला. ते तिच्याने झालं नसतं. नाहीही म्हणवलं नसतं. म्हणून तिने तो निर्णय फरिश्त्यावर टाकला, आणि फरिश्त्याला सहा दिवस आधी बोलावून घेतलं.

आता आपण रडू, असं तिला वाटलं. तिने पेन खाली ठेवून थोडी वाटही पाहिली. काही झालं नाही. पोटात एक लाथ बसली. तिने पुढचा पेपर घेतला.

मास्तर समोरच खुर्चीत होते. "थकली असशीन बेटा," ते म्हणाले. "जो हिसाब वरून लिहून येते, तो आपल्याले कुठी खोडता येते. तेवढ्याच एका गोष्टीनं धीर येते मले." तिने हो म्हटलं. इर्शादला तिने काही सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? तो दुकानातून यायचा, तिचे पाय दाबून द्यायचा, जवळजवळ न बोलता झोपी जायचा. मुफ्तीसाहेबांकडून आल्यापासून तो असाच झाला होता.

जानेवारीत, सदतिसाव्या आठवड्यात, पोटात पाणी फार वाढलं म्हणून डॉक्टर प्रमोदिनींनी कळा आणायचं इंजेक्शन दिलं. सकाळी अकराला मुलगी झाली. तोपर्यंत मुलगा की मुलगी हे कोणालाच माहीत नव्हतं. ती रडली नाही, पण श्वास घेत होती. नर्सने तिला कपाळापासून वर घट्ट टोपडं बांधून दुपट्यात गुंडाळून आणलं. टोपड्याखाली जे होतं, किंवा नव्हतं, ते तहसीनने पाहिलं. तिला बघायचंच होतं. बाकीची मुलगी मात्र पूर्ण होती. बोटं होती, नखं होती. ओठ इर्शादचे होते.

अजान द्यायला मास्तर आत आले. बाळाच्या उजव्या कानाशी तोंड न्यायचं, हे त्यांना माहीत होतं, आपल्या नात्यातल्या कितीतरी पोरांच्या कानात त्यांनी ती दिलेली. पण टोपड्याला हात लावायला ते घाबरले. तहसीननेच कड थोडी वर केली. कान होते. दोन्ही होते. मास्तरांनी अजान म्हटली, अगदी हळू, मधे दोनदा थांबून. मेंदू नसलेल्या बाळाला ऐकू येतं का, हे जीवशास्त्राच्या बाईला माहीत होतं, आणि तिने त्या दिवशी ते बाजूला ठेवलं. नाव सफूरा ठेवलं. सफूरा एक तास वीस मिनिटं जगली. इतका वेळ ती आळीपाळीने तिघांच्या मांडीवर होती, आणि मास्तरांनी तिला आपल्या हयात नसलेल्या बायकोबद्दल, म्हणजे तिच्या आजीबद्दल, काहीबाही सांगितलं.

दफनाला बाया जात नाहीत. इर्शाद आणि मास्तर गेले. परत आले तेव्हा मास्तरांच्या नखांत काळी माती होती. माती देताना जी दुआ म्हणतात, की यातूनच तुम्हाला घडवलं, यातच परत नेऊ आणि यातूनच पुन्हा उठवू, ती त्यांच्या तोंडून फुटली नाही. शेवटी ती एका शेजाऱ्याने म्हटली, असं इर्शादने सांगितलं. तिसऱ्या दिवशी तहसीनला दूध आलं. शरीराला कोणी काही कळवलं नव्हतं. डॉक्टरांनी ते बंद व्हायची गोळी दिली आणि ती इर्शादने आपल्या दुकानातून आणली.

बाळंतपणानंतरचे चिल्ल्याचे चाळीस दिवस काढायला ती अमरावतीला माहेरी गेली. तिथे ती दिवसभर खिडकीशी बसायची. आई डोक्याला तेल लावायची, ती लावू द्यायची. चाळीस पुरे झाले आणि रमजान तोंडावर आला, तसा इर्शाद तिला न्यायला आला. दुपारची अकोल्याची बस मिळाली. फेब्रुवारी संपता संपताच ऊन चढलं होतं, आणि बस अर्धी रिकामी होती. मूर्तिजापूरला गाडी स्टँडवर लागली. कंडक्टर पंधरा मिनिटं म्हणून ओरडून उतरला, त्याच्यामागून बाकीचेही चहाला उतरले. ही दोघं बसून राहिली.

खिडकीबाहेर एक बाई आपल्या पोराला केळं सोलून देत होती. तहसीन ते बघत होती, आणि बघता बघताच ती बोलली. घरी अब्बाजी समोर असणार, तिथे हे कधीच बोलता येणार नाही, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं.

"त्या दिवशी मी फोनवर खोटं बोलली," ती म्हणाली. "दिवस पाळीपासून मोजले होते. मले माहीत होतं. सहा दिवस होते अजून."

इर्शाद समोरच्या सीटच्या दांडीकडे बघत राहिला. तिला वाटलं, त्याने ऐकलं नाही.

"मले बी माहीत होतं," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली.

"रोज दुकानात बाया येतात तारीख इचाराले. पाळीची तारीख इचारूनच सांगतो ना मी त्याईले? मले नाही समजत?" तो खालच्या आवाजात बोलत होता. "रिपोर्टवर छापेलच होती ना तुई तारीख. सहा मे. कागद मुफ्तीसाहेबाईच्या समोरच होता. तू ठहरल्यापासून म्हनली. म्या पुन्हा इचारलं, तरी तू हो म्हनली. मंग म्या त्या तारखेवर अंगठा ठेवला. त्याईनं कागद पाह्यला, पन अंगठा काही म्या उचलला नाही."

"काहून?"

"मले वाटलं तुले ठेवाचं आहे. इतक्या सालानं आलं, तुले दोन घडी का होईना पाहाचं आहे. म्हनून तू असं बोलली. मंग मी काहून आड येऊ?" त्याने तळहाताने तोंड पुसलं. "पाच महिने वाटून राहिलं, तू सांगशीन. तू सांगितलं नाही. मले वाटलं, हिचा आसरा आहे तो, मोडू नये."

तहसीनने नकारार्थी मान हलवली.

"मले ठेवायचं नव्हतं," ती म्हणाली. "काढायचं बी नव्हतं. मले फक्त ठरवायचं नव्हतं, इर्शाद."

त्याचा चेहरा वाकडा झाला, आणि आजवर मास्तरांसमोर, डॉक्टरांसमोर, कब्रस्तानातसुद्धा न रडलेला तो माणूस मूर्तिजापूरच्या स्टँडवर, रिकाम्या एसटीत, शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून रडायला लागला. तहसीनने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि मग, इतक्या महिन्यांनी, तिलाही रडू आलं. ते काही सुंदर रडणं नव्हतं. नाक वाहत होतं, रुमाल सापडत नव्हता, आणि केळंवाली बाई खालून बघत होती. तिला दुखत होतं, सगळीकडे दुखत होतं, आणि सफूराचं नाव घेतल्याशिवाय राहवत नव्हतं. ते तिने घेतलं.

माणसं चहा पिऊन परत यायला लागली. इर्शादच्या खिशातला फोन वाजला. मास्तर होते. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा, त्यामुळे तहसीनलाही ऐकू येत होता.

"कुठी आले? मूर्तिजापूर? पोरगी बरी आहे ना? तिले सांग, म्या सांजेले खिचडी टाकून ठेवतो. आन सांग, का मनाले लावून घेऊ नको. त्या पोरीचे दिवस लिहूनच आले होते, आपल्या कोनाच्या हातात नव्हतं. हे एक समजलं म्हनून मी उभा आहो, नाही तं..." पुढे म्हातारा खोकायला लागला.

"हव, अब्बा," इर्शाद म्हणाला. फोन ठेवून त्याने तहसीनकडे पाहिलं. डोळे लाल होते. "अब्बाले सांगाचं का?"

प्रश्न तिला होता. या वेळी तो पुढे ढकलायला समोर ना डॉक्टर होत्या ना मुफ्तीसाहेब, आणि इर्शाद उत्तराची वाट बघत होता.

"नाही," तहसीन म्हणाली. "तुमाले काय वाटते?"

"मलेही नाही वाटत," तो म्हणाला. "कधीच नाही सांगाचं."

"कधीच नाही."

कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी स्टँडबाहेर पडली. लग्नाला सात वर्षं होऊन गेली होती, आणि दोघांनी आपापल्या तोंडाने बोलून ठरवलेली ही पहिलीच गोष्ट होती.